चाक, चुंबक आणि ठिणगी
धातू कापण्याच्या साधनांची दोनशे वर्षे

शाळा सुटल्यावर मुले ज्या रस्त्याने घरी जातात त्या रस्त्यावर फॅब्रिकेशनचे एखादे दुकान बहुधा असतेच. खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी फाटके, पत्र्याच्या शेडचे सांगाडे तिथे तयार होतात. दुकानाच्या दाराशी एखादा पोरगेलासा कामगार उकिडवा बसून लोखंडी अँगल कापत असतो. हातात ग्राइंडर, पायाखाली दाबून धरलेला अँगल आणि सहा-सात फुटांपर्यंत उडणारा ठिणग्यांचा पिसारा. डोळ्यांवर चष्मा नसतो. चाकावर जे अर्धगोल लोखंडी कवच असायला हवे, म्हणजे गार्ड, तेही काढून ठेवलेले असते. मुले घटकाभर थांबून ठिणग्या बघतात आणि पुढे जातात.

आमच्या भागातल्या अशाच एका दुकानदाराला मी एकदा विचारले, "गार्ड का काढलाय?" तो म्हणाला, "साहेब, गार्ड लावला की चाक नीट पोचत नाही. काम मागे पडतं."

या उत्तरात एक गृहीतक दडलेले आहे. सुरक्षितता आणि कामाचा वेग ही तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेले की दुसरे वर जाणारच, असे ते गृहीतक. ते केवळ त्या दुकानदाराचे नाही. आपल्यापैकी अनेकांचे आहे. ते कितपत खरे आहे हे पाहायचे तर धातू कापण्याच्या आणि घासण्याच्या साधनांचा इतिहास तपासून पाहायला हवा.

दगडाचे चाक

इंग्लंडमधील शेफिल्ड हे शहर सुऱ्या, कात्र्या, वस्तरे आणि काटे यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध होते. ओतीव किंवा ठोकून घडवलेल्या पात्याला आकार व धार देण्याचे काम वालुकाश्माच्या मोठ्या चाकांवर चाले. ही चाके आधी ओढ्यांच्या पाण्यावर आणि पुढे वाफेच्या इंजिनावर फिरत. चाकामागे एक लाकडी बैठक असे. तिच्यावर कारागीर घोड्यावर बसावे तसा दोन्हीकडे पाय टाकून बसे आणि चाकावर ओणवा होऊन पाते दाबून धरी. म्हणजे त्याचे नाक-तोंड चाकापासून जेमतेम हातभर अंतरावर असे.

यात दोन प्रकार होते. सुऱ्यांसारखे काम पाण्याने ओल्या ठेवलेल्या चाकावर होई. काटे आणि सुया मात्र कोरड्या चाकावर घासल्या जात. या फरकाचा परिणाम कारागिरांच्या आयुष्यावर दिसत होता. फ्रीडरिख एंगल्स यांनी १८४५ साली इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. त्यात शेफिल्डच्या डॉ. नाइट यांच्या हवाल्याने ते सांगतात की, कोरड्या चाकावर काम करणारा कारागीर पस्तिशीपर्यंत क्वचितच पोचे आणि ओल्या चाकावरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडी. या आजाराला तेव्हा 'घासणाऱ्यांचा दमा' असे नाव होते.

आज आपण त्याला सिलिकोसिस म्हणतो. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे, म्हणजेच सिलिकाचे कण. चाक झिजते तेव्हा या कणांची पूड हवेत उडते. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात; पण पाच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) तिथल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते. हे चक्र चालू राहते आणि प्रत्येक फेरीत फुप्फुसात थोडा व्रण उरतो. असे व्रण साठत गेले की फुप्फुस लवचीक राहत नाही, आणि क्षयाचे जंतू तिथे सहज घर करतात.

ही कथा आपल्या वर्गापासून फार दूर नाही. मुले पाटीवर ज्या दगडी पेन्सिलीने लिहितात, ती पेन्सिल मध्य प्रदेशातील मंदसौर भागात दगड यंत्राने चिरून तयार होत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस झाल्याचे आढळले. विजेची करवत आली तेव्हा काम वाढले, आणि धूळही वाढली.

शाळामास्तरांचा चुंबक

शेफिल्डमध्ये हा प्रश्न कोणाला दिसत नव्हता असे नाही. जे. एच. अब्राहम नावाचे एक शाळामास्तर तिथे होते. चुंबक तयार करण्याचा त्यांना नाद होता. १८२० च्या सुमारास त्यांनी एक युक्ती काढली. चाकाजवळ आणि कारागिराच्या तोंडापाशी चुंबक बसवायचे, म्हणजे उडणारा पोलादाचा कीस श्वासाबरोबर आत जाण्याआधीच चुंबकाला चिकटेल. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने या शोधासाठी त्यांना पदक दिले. चुंबकावर जमलेली काळी लव पाहून कोणाचीही खात्री पटावी असेच ते दृश्य असणार.

पण यात एक मोठी गफलत होती. चुंबक पोलाद धरतो. क्वार्ट्झ धरत नाही. आणि मारत होते ते मुख्यतः क्वार्ट्झ! दिसणारा धोका आणि खरा धोका वेगवेगळे होते. वर्गात चुंबकीय आणि अचुंबकीय पदार्थ शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. अब्राहम मास्तरांचा हेतू उत्तम होता, प्रयोगही नेटका होता. कारणाचे निदान मात्र अपुरे होते.

नंतर चाकाला लाकडी झाकण घालून धूळ नळीतून बाहेर ओढून नेण्याची पद्धत निघाली. ही मात्र खरोखर उपयोगी होती, कारण हवेचा झोत पोलाद आणि दगड असा भेद करत नाही. तरीही ती सर्वत्र रुजली नाही. एंगल्स लिहितात की, कारागिरांनीच तिला विरोध केला, काही ठिकाणी तर साधने मोडून टाकली. धंदा निर्धोक झाला तर त्यात माणसांची गर्दी होईल आणि मजुरी घसरेल, अशी त्यांना भीती होती.

हा अडाणीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यांचा हिशेब समजून घेतला पाहिजे. त्यांना जो जास्त दाम मिळत होता तो कौशल्याइतकाच लवकर मरण्याचाही होता. नवे साधन मरण टाळणार, पण त्याची किंमत त्यांच्याच मजुरीतून जाणार होती. सुरक्षित साधनाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्या साधनाच्या रचनेइतकाच महत्त्वाचा असतो. १८६७ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने निरीक्षकांना धूळ ओढणारा पंखा बसवायला लावण्याचा अधिकार दिला. त्यानंतर हा भार थोडाफार मालकांकडे सरकू लागला.

कुरुंद ते कार्बोरंडम

खरा बदल एका वेगळ्याच दिशेने आला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी माती आणि कोळशाच्या कोकचे मिश्रण लोखंडी भांड्यात घालून त्यातून जोरदार विद्युतप्रवाह सोडला. भांडे निवल्यावर कार्बनच्या कांडीवर त्यांना काही चमकदार स्फटिक चिकटलेले दिसले. ते काचेवर ओरखडे काढत होते. अ‍ॅचेसन यांना वाटले, हे कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग असावे. म्हणून त्यांनी नाव दिले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघाले. निदान चुकले, नाव मात्र टिकले.

या नावात आपलाही एक धागा आहे. कोरंडम हा शब्द भारतीय भाषांतूनच युरोपात गेला. आपण या खनिजाला कुरुंद म्हणतो. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून धार लावण्याची चाके करण्याची कला आपल्याकडे जुनी आहे.

पुढे १८९७ मध्ये चार्ल्स जेकब्ज यांनी बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंद तयार केले. ही दोन्ही द्रव्ये वालुकाश्मापेक्षा कितीतरी कठीण होती आणि त्यांचे कण हव्या त्या आकारात चाळून घेता येत. कारखानदारांनी ही नवी चाके घेतली ती कामगारांच्या फुप्फुसांकडे बघून नव्हे. ती भरभर कापत, कमी झिजत, आणि त्यांचा दर्जा एकसारखा असे, म्हणून घेतली. पण या चाकांच्या धुळीत मोकळी सिलिका फारच कमी होती. वालुकाश्माची चाके मागे पडत गेली, तसा घासकाम करणाऱ्यांमधला सिलिकोसिसही ओसरत गेला. चुंबकाला आणि मोडतोड झालेल्या झाकणांना जे जमले नव्हते ते एका अधिक कार्यक्षम चाकाने, ध्यानीमनी नसताना, बऱ्याच अंशी साधले.

दुकानदाराच्या तराजूला इथे पहिला धक्का बसतो. दोन्ही पारडी एकदमच वर गेली होती.

उष्णता नावाचा चोर

घासण्याकडून आता कापण्याकडे वळू. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना काउंट रम्फर्ड यांचा प्रयोग ठाऊक असतो. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडताना धातू विलक्षण तापतो हे त्यांनी पाहिले. मग मुद्दाम बोथट हत्यार घेऊन, तोफेचा नळकांडा पाण्यात बुडवून, घोड्यांच्या बळावर तो फिरवला. सुमारे अडीच तासांत पाणी उकळले. १७९८ मध्ये त्यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. उष्णता हा पदार्थ नसून गतीशी निगडित काहीतरी आहे, हा निष्कर्ष आपण शिकवतो. कारखान्याच्या दृष्टीने त्याच प्रयोगाचा दुसरा अर्थ असा : बोथट हत्यार घोड्यांचे बळ कापण्यात नव्हे, तापवण्यात घालवते.

हा चोर पकडण्याचे काम फ्रेडरिक टेलर यांनी केले. अमेरिकेतील मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० मध्ये त्यांनी लेथच्या हत्यारांवर प्रयोग सुरू केले आणि ते २६ वर्षे चालवले. आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड आणि पोलाद त्यांनी या प्रयोगांसाठी कातून काढले. हत्याराच्या टोकाशी पाण्याचा ठसठशीत झोत सोडला, तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो, असे त्यांना लवकरच आढळले.

नंतर बेथलेहेम येथे मॉन्सेल व्हाइट यांच्यासह त्यांनी टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेले पोलाद जवळजवळ वितळण्याइतके तापवून मग निववले. लोहारांच्या जुन्या समजुतीप्रमाणे इतके तापवलेले हत्यार वाया जायला हवे होते. झाले उलटेच. साध्या कार्बन पोलादाची धार २५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. हे नवे पोलाद ६०० अंशांपर्यंत धार टिकवून होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात प्रेक्षकांनी पाहिले की, हत्याराचे टोक लालभडक झाले आहे आणि तरीही ते कापतेच आहे. आपल्या वर्कशॉपमधल्या हॅकसॉच्या पात्यांवर आणि ड्रिलवर 'एचएसएस' अशी अक्षरे दिसतात, ती याच हायस्पीड पोलादाची. त्याच्या पुढची पायरी टंगस्टन कार्बाइडची. १९२३ मध्ये कार्ल श्र्योटर यांनी ते कोबाल्टमध्ये बांधून घट्ट केले आणि १९२७ च्या लाइपझिग जत्रेत क्रुप कंपनीने ते 'विडिया' या नावाने मांडले. 'विडिया' म्हणजे जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखे'.

चाक हातात आले

तोपर्यंत काम यंत्राकडे न्यावे लागे. विजेची मोटर लहान झाली तसे यंत्र कामाकडे जाऊ लागले. जर्मनीत फाइन यांच्या कारखान्याने १८९५ मध्ये हातात धरायचे विजेचे ड्रिल बनवले. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर यांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका दिला. त्याचे पेटंट १९१७ चे आहे. खटक्यामुळे एका हाताने काम होऊ लागले आणि बोट सुटले की प्रवाह तुटू लागला. सोय आणि सुरक्षा इथेही एकत्रच आल्या. १९५४ मध्ये जर्मनीतील आकरमान उंट श्मिट या कंपनीने वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. तिच्या 'फ्लेक्स' या नावानेच जर्मन लोक आजही या यंत्राला ओळखतात. फॅब्रिकेशनच्या दुकानात दिसतो तो त्याचाच वंशज.

हे यंत्र अत्यंत उपयोगी आहे. पण जमिनीत रोवलेल्या जुन्या चाकाचे झाकण चौकटीला जखडलेले असे. इथे गार्ड एका स्क्रूवर निघतो. शिवाय चाक अतिशय वेगाने फिरते. थोडे गणित करू. १०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ११,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे १८३. परीघ ३१.४ सेंटिमीटर. म्हणून कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक! कापण्याच्या अशा चाकांसाठी सर्वसाधारण मर्यादा सेकंदाला ८० मीटर असते. ती आणि फेऱ्यांची कमाल संख्या चाकाच्या लेबलवर छापलेली असते.

आता दुकानात सर्रास होते ती गोष्ट पाहा. "खोल कापायचंय" म्हणून गार्ड काढून त्याच यंत्रावर १८० मिलिमीटरचे चाक बसवतात. फेरे तेवढेच, पण कडेचा वेग सेकंदाला १०४ मीटरच्या जवळ जातो. फिरणाऱ्या चाकातला ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मर्यादेच्या ठिकाणी जेवढा ताण असतो, त्याच्या सुमारे १.७ पट ताण त्या चाकाला सोसावा लागतो. ते फुटले तर तुकडे याच वेगाने सुटतात, आणि अडवायला गार्ड नसतो.

आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रत्येक घासण्याच्या यंत्राजवळ चाकाचा सुरक्षित परिघीय वेग लिहून लावावा, असे कलमच होते. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा किंवा अधिक कामगार असले तरच त्याला त्या कायद्याने 'कारखाना' म्हटले जाई. दोन-तीन माणसांचे दुकान त्या व्याख्येत बसतच नव्हते.

ठिणगी काय सांगते?

ठिणग्या सुंदर दिसतात. त्या कशाच्या असतात हे रॉबर्ट हूक यांनी १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सांगितले आहे. गारगोटीवर पोलाद आपटून उडालेल्या ठिणग्या त्यांनी कागदावर धरल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत त्यांना चकचकीत गोल मणी दिसले, म्हणजे पोलाद वितळून गोठले होते. हा प्रयोग शाळेत सहज होतो. चुंबक कागदात गुंडाळून दुकानातल्या जमिनीवरच्या भुकटीवरून फिरवावा (यंत्र बंद असताना) आणि चिकटलेली पूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. कातलेल्या चुऱ्याबरोबर बारीक गोळ्या दिसतील.

या गोळ्यांत एक हिशेब आहे. एक घन मिलिमीटर पोलाद तापवून पूर्ण वितळवायला साधारण १० ज्यूल लागतात. करवतीच्या किंवा लेथच्या धारदार दाताने तेवढेच पोलाद कापून काढायला ३ ते ५ ज्यूल पुरतात. चाकाने घासून काढायला मात्र ते वितळवण्याहूनही कितीतरी अधिक ऊर्जा लागू शकते. कारण चाकावरचा कण हा दात नव्हे. त्याचा चेहरा बोथट असतो. तो कापण्याआधी घासतो, नांगरतो, लोटतो. रम्फर्ड यांचे बोथट हत्यार हजारो पटींनी लहान होऊन इथे काम करत असते! म्हणजे ठिणग्यांचा पिसारा हे जोमाचे लक्षण नाही. तो वीज वाया जात असल्याचा जाहीर हिशेब आहे.

मग साधन कसे निवडावे? सरळ नळ्या, अँगल, पट्ट्या रोज कापायच्या असतील तर दातांचे यंत्र उत्तम. बँडसॉ किंवा कार्बाइडच्या दातांची मंद फिरणारी धातूची करवत घेता येते. ३५५ मिलिमीटरचे घासून कापणारे चाक मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे घेते. त्याच व्यासाची दातांची करवत साधारण १३०० फेऱ्यांवर चालते. उष्णता चुऱ्याबरोबर निघून जाते, काप थंड आणि स्वच्छ येतो, ठिणग्या आणि धूळ थोडीच. मात्र पाते महाग असते, काम घट्ट जखडावे लागते, आणि कडक केलेल्या पोलादावर दात तुटतात. गंजलेला बोल्ट, भिंतीतली सळई, वेल्डचा उंचवटा अशा कामांना ग्राइंडरच हवा. तो घेताना गार्ड न उघडता फिरवता येतो का, बोट सुटले की बंद होतो का, हे पाहावे. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. वीज जाऊन परत आली तर काही यंत्रे बटण चालूच राहिल्यामुळे आपोआप फिरू लागतात. पुन्हा बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारे यंत्र थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

आणि काप कुठे घ्यायचा? दोन्ही टोकांना आधार देऊन मध्ये कापले तर तुकडा खाली झुकतो, खाच मिटते, चाक चिमटले जाते आणि यंत्र उसळून अंगावर येते. एक बाजू जखडून दुसरी मोकळी ठेवली तर खाच उघडत जाते. तरफ आणि आधार शिकवताना यापेक्षा उपयोगी उदाहरण मिळणार नाही.

पुन्हा त्या दुकानात

मी त्या दुकानदाराकडे परत गेलो तेव्हा गार्डविषयी बोललोच नाही. तो मुलगा अँगल पायाखाली दाबून कापत होता तेवढे पाहत राहिलो. मग लक्षात आले की अडचण गार्डची नव्हतीच. काम जमिनीलगत आणि पायाखाली असल्यामुळे यंत्र वेडेवाकडे धरावे लागत होते, आणि तशा तिरक्या धरण्यात गार्ड आड येत होता. अब्राहम मास्तरांप्रमाणेच माझेही पहिले निदान चुकले होते. "एखादा व्हाइस बसवून बघा," एवढेच मी सुचवले.

दोन महिन्यांनी पाहिले तर टेबलावर जुना व्हाइस बसवलेला होता. मुलगा उभा राहून काम करत होता, गार्ड जागेवर होता आणि काप सरळ येत होते. दुकानदार म्हणाला, "काम लवकर उरकतं हो आता." व्हाइसचा खर्च त्याने केला होता, मुलाच्या मजुरीतून नव्हे.

चष्मा मात्र खिळ्याला टांगलेला होता. त्याबद्दल विचारले तर मुलगा म्हणाला, "घामानं धूसर होतो, दिसत नाही." त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. आता हवेसाठी भोके असलेला चष्मा शोधायचा आहे.